मुख्यमंत्री राजीनामा देतात. सभागृह आपला निष्कर्ष कधी नोंदवते?

रेवदंडेकर (धागाकर्ता)

१९८१ साली माझ्या वडिलांनी घराचे जोते बांधून ठेवले होते आणि पुढचे काम सिमेंटवाचून अडले होते. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. परमिटाशिवाय गोणी मिळत नसे, आणि वडील दर आठवड्याला कचेरीत खेप घालून रिकाम्या हातांनी परत येत. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला. आमच्याच जिल्ह्यातले मुख्यमंत्री बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांनी स्थापन केलेल्या विश्वस्त संस्थांना, विशेषतः इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला, मिळालेल्या देणग्यांचा प्रश्न त्यामुळे राज्यभर गाजू लागला आणि मुंबईच्या बांधकाम व्यावसायिकांना मिळालेल्या सिमेंटच्या कोट्याशी त्या देणग्यांचा संबंध जोडला गेला. वडिलांना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी तो अंक शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतला आणि नंतर पुष्कळ वर्षे कपाटात जपून ठेवला.

पुढे प्रा. पी. बी. सामंत आणि इतरांची याचिका मुंबई उच्च न्यायालयात चालली. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांच्यात संबंध असल्याचा निष्कर्ष दिला, अंतुले यांनी राजीनामा दिला आणि २१ जानेवारीला बाबासाहेब भोसले यांचा शपथविधी झाला. (याच लेंटिन यांनी पुढे जे. जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळयुक्त औषधामुळे चौदा रुग्ण दगावले त्या प्रकरणाची चौकशी केली. त्यांच्याविषयी स्वतंत्र धागा व्हावा अशी माझी इच्छा आहे.)

हा क्रम मी अनेकदा मनाशी मांडून पाहिला आहे. शोध वर्तमानपत्राने घेतला, दाद नागरिकांनी मागितली, निष्कर्ष न्यायाधीशांनी लिहिला आणि नवा मुख्यमंत्री दिल्लीतल्या पक्षश्रेष्ठींनी ठरवला. राज्यघटनेप्रमाणे मुख्यमंत्री ज्या सभागृहाला जबाबदार असतो, त्या विधानसभेच्या हातून या साखळीतला एकही दुवा जोडला गेला नाही. विरोधी बाकांवरून आरोप झाले, पण आरोप होणे आणि सभागृहाने चौकशी करून 'असे घडले' किंवा 'असे घडले नाही' हे आपल्या दप्तरी लिहून ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजीनाम्यामुळे खुर्ची रिकामी होते, परंतु त्या खुर्चीवर बसून काय केले गेले याचे उत्तर राजीनामापत्रात नसते. हे उत्तर मिळवण्याचा मार्ग आपल्या व्यवस्थेत आहे का, आणि नसेल तर तो कसा तयार करता येईल, यावर जाणकारांची मते मला हवी आहेत. सध्याच्या पक्षीय वादात हा धागा ओढला जाऊ नये, ही विनंती.

बार्शीचे वकील

धागाकर्त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. 'मुख्यमंत्र्यांवर महाभियोग चालवा' अशी मागणी मोर्चांमध्ये ऐकू येते, पण आपल्या घटनेत तशी तरतूदच नाही. महाभियोग आहे तो अनुच्छेद ६१ खाली राष्ट्रपतींसाठी, आणि अनुच्छेद १२४ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना पदावरून दूर करण्याची त्याच धर्तीची प्रक्रिया आहे. मुख्यमंत्री आणि मंत्रिमंडळ यांच्यासाठी अनुच्छेद १६४ लागू होतो. त्यात विधानसभेला सामूहिक जबाबदार राहण्याचे तत्त्व सांगितले आहे, म्हणजेच शस्त्र एकच उरते, ते अविश्वास ठरावाचे.

हे शस्त्र १९८५ नंतर जवळजवळ बोथट झाले आहे. दहाव्या अनुसूचीमुळे, म्हणजे पक्षांतरबंदीच्या कायद्यामुळे, सत्ताधारी आमदाराने पक्षादेश मोडून आपल्याच मुख्यमंत्र्याविरुद्ध मत दिले तर त्याची आमदारकी धोक्यात येते. कायदा घोडेबाजार थांबवण्यासाठी केला होता आणि त्या हेतूविषयी माझी तक्रार नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की आपला नेता दोषी आहे असे ज्या आमदाराला मनोमन पटले आहे, त्यालाही ते मतपेटीतून सांगता येत नाही. शिवाय अविश्वास ठराव संपूर्ण मंत्रिमंडळाविरुद्ध असतो. त्यात पुरावा तपासला जात नाही, साक्षीदार बोलावले जात नाहीत आणि आरोपीला मुद्देसूद उत्तर देण्याची सक्तीही नसते.

उरते न्यायालय. तिथे काय झाले तेही सांगतो. रामदास नायक यांच्या तक्रारीवरून अंतुले यांच्याविरुद्ध फौजदारी खटला उभा राहिला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने आमदार हा तत्कालीन दंडसंहितेच्या व्याख्येतील लोकसेवक नाही असे ठरवले आणि खटला विशेष न्यायाधीशांकडून उच्च न्यायालयाकडे वर्ग केला. २९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले की असे वर्ग करणे कायद्याला धरून नव्हते. राजीनाम्यानंतर सहा वर्षे उलटली तरी खटला कोणत्या न्यायालयात चालावा हाच प्रश्न सुरू होता. कायद्याचे विद्यार्थी आजही तो निकाल अभ्यासतात, पण नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वासाठी. सिमेंटचे काय झाले हे त्यातून कुणी शिकत नाही.

म्हसळ्याची लेक

मी अंतुले साहेबांच्या तालुक्यातील आहे, आणि या धाग्यात त्यांचे नाव फक्त सिमेंटशी जोडून संपावे हे मला मान्य नाही. निराधार वृद्ध आणि विधवांसाठीची संजय गांधी निराधार योजना त्यांच्या कारकिर्दीत सुरू झाली. माझ्या आजीला त्या पैशांतून औषधे घेता येत होती. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, त्याच वर्षी १ मे रोजी सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे झाले. फायलीवर तिथल्या तिथे निर्णय देणारा मुख्यमंत्री अशी त्यांची आठवण आमच्याकडे सांगितली जाते. १९८९ मध्ये याच भागाने त्यांना लोकसभेत निवडून पाठवले, आणि पुढे ते दोनदा केंद्रात मंत्रीही झाले. आम्ही मतदार अडाणी नव्हतो. आरोप आम्हाला ठाऊक होते, काम आम्ही पाहिले होते, आणि दोन्ही तोलून आम्ही मत दिले. लोकशाहीत याहून मोठा निवाडा कोणता असू शकतो, हे मला समजावून सांगावे.

रेवदंडेकर (धागाकर्ता)

ताई, आपल्या आजीविषयी आपण लिहिलेले वाचून मी थांबलो, कारण त्या योजनेचे पैसे माझ्या आत्यालाही मिळत होते. ते काम खरे होते आणि ते कुणी पुसू नये.

तरीही मतदाराला एका बटणात, त्या वेळी एका शिक्क्यात, सर्व गोष्टी एकत्र सांगाव्या लागतात. निराधार योजना चांगली होती, जिल्ह्याचा माणूस आपला आहे, समोरचा उमेदवार पटत नाही आणि सिमेंटचे प्रकरण खटकते, या चार गोष्टींसाठी त्याच्याकडे शिक्का एकच असतो. त्या शिक्क्यावरून सिमेंटच्या प्रश्नाचे उत्तर वेगळे काढता येत नाही. न्यायमूर्ती लेंटिन यांचा निष्कर्ष चुकीचा होता असे आपल्याला वाटत असेल, तर सभागृहाच्या चौकशीची खरी गरज अंतुले यांनाच होती. तिथे त्यांना स्वतः उभे राहून, त्या काळचे नियम, कोट्याचे निकष आणि देणग्यांचा हिशेब मांडून आपली बाजू सांगता आली असती. २०१४ साली ते गेले. त्यांचे समर्थक आणि विरोधक दोघेही आजपर्यंत तोच वाद घालत आहेत.

सोलहून

गेली काही वर्षे मी नोकरीनिमित्त दक्षिण कोरियात राहतो. २०१६ च्या हिवाळ्यात दर शनिवारी ग्वांगह्वामुन चौकात मेणबत्त्या घेऊन जमणारा समुदाय मी पाहिला. लोक लहान मुलांना घेऊन येत आणि निघताना रस्ता झाडून जात. राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्या एका खासगी स्नेही महिलेने सरकारी कारभारात हस्तक्षेप केला आणि मोठ्या कंपन्यांकडून प्रतिष्ठानांसाठी पैसे गोळा केले, असे ते प्रकरण होते. प्रतिष्ठान आणि देणग्या हे शब्द वाचून आपल्या वाचकांना काय आठवेल ते वेगळे सांगायला नको.

मला इथे सांगायची आहे ती एकच घटना. २९ नोव्हेंबर २०१६ रोजी पार्क यांनी जाहीर केले की संसद ठरवील त्या वेळापत्रकाप्रमाणे आपण पद सोडू. आपल्याकडे असे झाले असते तर प्रकरण तिथेच मिटले असते. नव्या नेत्याच्या निवडीची चर्चा सुरू झाली असती आणि महिनाभराने देणग्यांचे नावही कुणी काढले नसते. कोरियात विरोधकांनी ते मान्य केले नाही. ९ डिसेंबरला ३०० सदस्यांच्या संसदेत महाभियोगाचा ठराव २३४ विरुद्ध ५६ मतांनी संमत झाला. मतदान गुप्त होते, आणि आकडे पाहता पार्क यांच्या स्वतःच्या पक्षातील साठांहून अधिक सदस्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले असले पाहिजे. वकीलसाहेबांनी पक्षादेशाविषयी जे लिहिले आहे त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा. १० मार्च २०१७ रोजी घटनात्मक न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनी एकमताने त्यांना पदच्युत केले. तो निकाल दूरचित्रवाणीवर थेट वाचून दाखवला गेला. कोणता आरोप सिद्ध झाला आणि कोणता झाला नाही, हे त्या दिवशी आमच्या कार्यालयात जेवणाच्या टेबलावर सर्वांना माहीत होते.

हीच प्रक्रिया आरोप झालेल्याला पदावर परतही आणू शकते. २००४ साली राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यून यांच्यावर संसदेने महाभियोग आणला, पण न्यायालयाने पदच्युतीइतका तो दोष गंभीर नाही असे ठरवले आणि ते कामावर परत आले. याउलट अमेरिकेत निक्सन यांनी सभागृहाचे मतदान होण्यापूर्वीच ऑगस्ट १९७४ मध्ये पद सोडले, महिन्याभरात फोर्ड यांनी त्यांना माफी दिली, आणि सिनेटसमोरची सुनावणी कधी झालीच नाही.

नांदेडचा वाचक

सोलहून आलेल्या प्रतिसादातील शेवटचा परिच्छेद मला महत्त्वाचा वाटतो, कारण राजीनामा मागण्याच्या आपल्या घाईतून अन्यायही होतो. कुलाब्यातील आदर्श गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात अशोक चव्हाण यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्रिपद सोडले. २०१३ मध्ये त्या वेळच्या राज्यपालांनी खटल्याला परवानगी नाकारली, २०१६ मध्ये नव्या राज्यपालांनी ती दिली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. सात वर्षांत एका माणसाविषयी तीन निर्णय झाले आणि तिन्ही खटला भरावा की भरू नये एवढ्यापुरतेच होते. चव्हाण दोषी होते असे मानणाऱ्यांना उत्तर मिळाले नाही, आणि ते निर्दोष होते असे मानणाऱ्या आमच्यासारख्यांनाही मिळाले नाही. म्हणून माझे मत असे आहे की आरोप होताच राजीनामा मागणे थांबवावे. आधी मुदतबद्ध चौकशी व्हावी, आणि ती होईपर्यंत संबंधित खाते दुसऱ्याकडे द्यावे.

बार्शीचे वकील

नांदेडच्या मित्रांशी मी अर्धा सहमत आहे. चौकशी मुदतबद्ध हवी हे खरे, परंतु मुख्यमंत्री खुर्चीत असताना त्याच्याच हाताखालच्या अधिकाऱ्यांनी त्याच्याविरुद्ध कागद काढून द्यावेत ही अपेक्षा फार मोठी आहे. मुंद्रा प्रकरणात हे दोन्ही साधले होते. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंद्रा यांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवली होती. डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधी यांनी सत्ताधारी बाकावरून हा प्रश्न लोकसभेत मांडला. जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला, मुंबईत उघड सुनावणी झाली, आणि फेब्रुवारीत अहवाल आला. सचिवाने जे केले त्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येणार नाही, असे छागला यांनी लिहिले आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. प्रश्न सभागृहात, सुनावणी लोकांसमोर आणि राजीनामा सर्वांत शेवटी, असा तो क्रम होता. हे सर्व काही आठवड्यांत झाले.

याच कृष्णम्माचारी यांच्याशी निगडित आणखी एक प्रकरण आहे आणि धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला तिथे दिसते. १९५१ साली हंगामी संसदेतील सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर मुंबईच्या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिचे काम केल्याचा आरोप झाला. चौकशी समिती नेमण्याचा ठराव पंतप्रधान नेहरूंनी स्वतः मांडला, तोही आपल्याच पक्षाच्या सदस्याविरुद्ध. कृष्णम्माचारी समितीचे अध्यक्ष होते. समितीने दोषी ठरवल्यावर सप्टेंबरमध्ये सभागृहात चर्चा झाली, मुदगल यांनी आपले म्हणणे मांडले आणि शेवटी राजीनामापत्र देऊन टाकले. हकालपट्टी टाळण्याचा तो प्रयत्न उघड होता. सभागृह तिथे थांबले नाही. सदस्य हकालपट्टीस पात्र होता, आणि त्याच्या राजीनामापत्रातील भाषेने सभागृहाचा अवमान होऊन अपराध अधिकच वाढला आहे, असा ठराव राजीनाम्यानंतर संमत करण्यात आला.

सभागृहाचा हा अधिकार नंतरही टिकला आहे. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये अकरा खासदार बडतर्फ झाले, त्यांत जळगाव आणि एरंडोल हे आपल्याकडचे दोन मतदारसंघ होते, आणि जानेवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय वैध ठरवला. तेव्हाची चौकशी फारच घाईत उरकली गेली असे माझे मत आहे, पण अधिकार निर्विवाद आहे.

ग्रामपंचायत सदस्या, माण

मी मोठ्या प्रकरणांविषयी बोलण्याइतकी जाणकार नाही, पण हा प्रश्न आमच्या गावात मी स्वतः अनुभवला आहे. आमचे सरपंच जनतेतून थेट निवडून आलेले होते. पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीची बिले निघाली आणि दुरुस्ती दिसली नाही, अशी तक्रार आम्ही चार सदस्यांनी पुराव्यानिशी केली. तिची चौकशी सुरू असतानाच दुसऱ्या गटाने अविश्वास ठराव आणला. थेट निवडलेल्या सरपंचासाठी तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव संमत करावा लागतो आणि नंतर तो ग्रामसभेपुढे गुप्त मतदानाला जातो. दोन्ही झाले आणि सरपंच गेले.

त्या सभेला मी होते. सकाळपासून रांग लागली होती, शेतावर जायचे सोडून बायका आल्या होत्या. पण ठरावावर बोलताना कुणी बिलांचे नाव काढले नाही. सगळे बोलणे कोणता गट कोणाबरोबर आहे यावर झाले. सरपंच गेल्यावर आमच्या तक्रारीविषयी विचारायला मी गेले, तेव्हा मला सांगण्यात आले की माणूसच पदावर राहिला नाही, तर आता चौकशी कशाची करायची. पाइपलाइन आजही तशीच आहे. उन्हाळ्यात आम्ही टँकरवर असतो. तो सरपंच दोषी होता का, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि हीच गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. त्याची मुलगी माझ्या मुलीबरोबर शाळेत जाते.

बार्शीचे वकील

ताई, 'पदावर नाही तर चौकशी कशाची' असे जे आपल्याला सांगितले गेले ते सरसकट बरोबर नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली गैरवर्तनासाठी विभागीय आयुक्त सरपंचाला पदावरून दूर करू शकतात, आणि त्याच कलमात पुढे अशी तरतूद आहे की ज्याने राजीनामा दिला आहे, पण पदावर असताना असे गैरवर्तन केले आहे, त्यालाही पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते. आपल्या प्रकरणात सरपंचांनी राजीनामा दिला नाही, त्यांना ठरावाने जावे लागले. त्यामुळे कलमाची नेमकी शब्दरचना पाहावी लागेल. शिवाय बिलांच्या रकमेची वसुली आणि लेखापरीक्षणातील आक्षेप हा मार्ग तर पूर्णपणे वेगळा आहे आणि तो पद गेल्याने बंद होत नाही. ग्रामसभेचे इतिवृत्त, आपल्या तक्रारीची पोच आणि बिलांच्या प्रती घेऊन जवळच्या वकिलांना भेटावे. हवे असल्यास मी अर्जाचा मसुदा विनामूल्य करून देईन.

रेवदंडेकर (धागाकर्ता)

वकीलसाहेबांचा हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. पाण्याच्या पाइपसाठी जबाबदार असलेल्या सरपंचाने राजीनामा दिला तरी त्याच्या वर्तनाचा निवाडा करण्याची सोय कायद्याने ठेवली आहे, आणि संपूर्ण राज्याच्या मुख्यमंत्र्याने राजीनामा दिला की त्याच्याविषयी सभागृहात कुणी काही ठरवावे अशी तरतूद नाही. ही विसंगती मला आजवर ठाऊक नव्हती.

म्हणून मी एक निवेदन तयार करत आहे. मागणी एवढीच आहे की मुख्यमंत्र्यावर किंवा मंत्र्यावर पदाच्या गैरवापराचा गंभीर आरोप झाला, तर विरोधी सदस्यांसह विधिमंडळाची समिती नेमावी, तिने ठरलेल्या मुदतीत उघड सुनावणी घ्यावी, आरोप झालेल्याला पूर्ण उत्तर देऊ द्यावे, आणि मध्येच राजीनामा आला तरी काम न थांबवता निष्कर्ष सभागृहाच्या पटलावर ठेवावा. अहवाल स्वीकारण्यावरील मतदानाला पक्षादेश लागू नसावा, हेही त्यात घालावे का, याविषयी मला सल्ला हवा आहे. १९५१ च्या त्या ठरावाचा मराठी अनुवाद सोबत जोडायचा आहे.

म्हसळ्याची लेक

निवेदनावर माझी सही घ्या. एक दुरुस्ती मात्र हवी. समितीला आरोप सिद्ध झाला नाही असे आढळले, तर तेही तितक्याच ठळकपणे, सभागृहात वाचून दाखवले गेले पाहिजे. हे वाक्य मसुद्यात शेवटी न टाकता पहिल्या परिच्छेदात टाकावे.

बार्शीचे वकील

ताईंची दुरुस्ती पहिल्या परिच्छेदातच घ्या. पक्षादेशाचा मुद्दा वेगळा ठेवा, कारण दहाव्या अनुसूचीत बदल करणे संसदेच्या हातात आहे, विधिमंडळाच्या नाही. समिती आणि तिची कार्यपद्धती यांची मागणी मात्र विधानसभेच्या नियमांत बदल करून पुरी होऊ शकते. निवेदन विधानसभेच्या अध्यक्षांच्या नावे काढा आणि प्रत आपापल्या आमदारांना द्या. मसुदा रविवारपर्यंत इथेच टाकलात, तर मी कलमांचे संदर्भ तपासून देतो.